माशासाठी रजा कशी मागायची?

"मॅडम, घरी जनावर आजारी आहे आणि कामावर तर जावंच लागतं, मी काय करू?" मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की आता लिहूनच टाकते. बहुतेकदा कुत्रा असतो, नाहीतर मांजर. गेल्या पावसाळ्यात इथल्याच, गोव्यातल्या फोंड्याहून एक जण आला, त्याच्याकडे मासा होता. (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय.)

मासा म्हणजे डिस्कस. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, थाळीसारखा गोल नि चपटा. आपल्याकडे कमीच लोक पाळतात कारण पाणी २८ ते ३० डिग्री आणि एकदम स्वच्छ लागतं. याची पिल्लं सुरुवातीला आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. दोन इंचाचा असताना आणलेला, सहा वर्षं सांभाळलेला, आता काळा पडून कोपऱ्यात उभा, खाणं बंद. आणि हा वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत क्वालिटीला, ऑडिट तोंडावर आणि शिफ्ट बदलत्या.

साहेबांना त्याने सांगितलेलं की वडिलांना ॲडमिट केलंय. वडील ठणठणीत, रोज सकाळी चालायला जातात. खरं का नाही सांगितलं विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे नुस्त्याशिवाय (म्हणजे माशाशिवाय) घास उतरत नाही. एकदा बोललो तर कॅन्टीनमध्ये एकाने विचारलं, मग त्याचं हुमण (माशाची आमटी) कधी करतोस?" तेव्हापासून हा गप्प.

बसल्याबसल्या त्याने मोबाईल टेबलावर उताणा ठेवला होता. घरी टाकीसमोर जुना फोन लावलेला, त्यातून लाइव्ह दिसायचं. लॅबमधून दर वीस मिनिटांनी बाहेर येऊन हा बघायचा, रीडिंग चुकायला लागली होती.

मी विचारलं, "आत्ता काय करतोय तो?"

"काही नाही. उभा आहे."

"आणि आत्ता, या घटकेला, त्याला तुमच्याकडून काय हवंय?"

त्याने घडाघडा सांगितलं. पाणी ३० डिग्री, रोज थोडं पाणी बदलायचं, नळाचं पाणी आदल्या दिवशीच बादलीत काढून ठेवायचं क्लोरीन उडून जायला, हवेचा पंप चालू कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, खाणं टाकायचं नाही, दुकानदाराने दिलेलं औषध संध्याकाळी. "आणि आवाज नको, अंधार..."

तिथे तो थांबला. बराच वेळ फोनकडे बघत राहिला. बाहेर धो धो पाऊस, मीही काही बोलले नाही.

"मॅडम, लाईट मी कॅमेऱ्यासाठी चालू ठेवलीय."

इतकी वर्षं या खुर्चीत काढली, असे क्षण मोजकेच येतात, आणि ते आले की समुपदेशकाने गप्प बसावं हे मी अनुभवाने शिकलेय. मी विचारांवर काम करणारी बाई, भूतकाळ उकरत बसणं मला फारसं पटत नाही. इथे विचार एकच होता, मी नजर काढली तर तो मरेल. मग आम्ही कागदावर माशाचा दिवस लिहिला. सकाळी साडेसहा, वीस मिनिटं. रात्री आठ, अर्धा तास. मधल्या वेळात माशाला फक्त अंधार हवा होता, बाकी सगळी धडपड याच्या स्वतःच्या भीतीसाठी चाललेली.

तुमच्याकडेही कुणी आजारी असेल, कुत्रा मांजर पक्षी काहीही, तर आधी हे लिहून काढा, त्याला कुठल्या वेळी काय लागतं. तेवढ्या वेळा काही झालं तरी सोडायच्या नाहीत. मधल्या वेळेसाठी घरातलं एक माणूस तयार करा आणि काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही ते त्याला आधी सांगा, कारण मासा असेल तर मायेने जास्त खाणं टाकतात, ते कुजतं आणि पाण्यात अमोनिया वाढतो. आपल्याकडे पावसात लाईट जातेच, बॅटरीवरचा पंप आणून ठेवा.

आणि साहेबांकडे सहानुभूती मागायला जाऊ नका, शिफ्ट मागा. तुमचा जीव माशात का अडकलाय हे त्यांना कळायची गरजच नाही, तारखा कळल्या की पुरे. आम्ही वाक्य चार वेळा बोलून बघितलं: "वडील बरे आहेत, मी खोटं बोललो, चुकलं. घरी पाळलेला मासा आजारी आहे. आठ दिवस जनरल शिफ्ट द्या, पुढचे दोन रविवार मी येतो." पहिल्या तीन वेळा मासा या शब्दावर त्याचा आवाज खाली जायचा. चौथ्यांदा नाही गेला.

साहेबांनी एवढंच विचारलं, "आठ दिवस म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत?"

पुढच्या वेळी आला तेव्हा मोबाईल खिशात होता. मासा अजून नीट खात नव्हता, पण काळेपणा उतरलेला. दुपारी एकदाच घरी फोन करतो म्हणाला. बाजारात ढीगभर मिळतात म्हणून आधी चिडणारी आई आता पडदा जरासा सारून थर्मामीटर वाचते आणि सांगते, "तीस आहे रे. आणि तुझं नुस्तं बघतंय माझ्याकडे."