आधी फवारू की आधी नांगरू?

प्रश्न : नमस्कार सर, दीड एकरात कांदा लावायचाय पण रानात लव्हाळा गच्च आहे आणि मधे मधे हरळीचे पट्टे पण आहेत. मागच्या वेळी लागवडीआधी रोटाव्हेटर दोनदा मारला, रान एकदम स्वच्छ दिसत होतं, पण पंधरा दिवसात पहिल्यापेक्षा दाट लव्हाळा वर आला. या वेळी ग्लायफोसेट हे तणनाशक मारून लगेच दुसऱ्या दिवशी नांगरट करायचा विचार आहे. चालेल का?

उत्तर : दादा, औषध चालेल पण दुसऱ्या दिवशी नांगरट अजिबात नको, नाहीतर औषधाचे पैसे पाण्यात. का ते सांगतो, आणि त्यातच मागच्या वेळी काय झालं याचं पण उत्तर आहे.

लव्हाळ्याचं रोप उपटून बघा, खाली काळपट गाठी असतात आणि त्या बारीक दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, माळच म्हणा ना. माळ अखंड असते तोवर टोकाकडची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते, त्या नुसत्या झोपून राहतात. तुम्ही रोटाव्हेटर फिरवला, माळ तुटली, प्रत्येक गाठ सुटी झाली आणि जिला आतापर्यंत कोंब काढायची गरज नव्हती तिनेही काढला. हरळीचं पण तेच, काशीचे (जमिनीत आडव्या पसरणाऱ्या खोडाचे) जेवढे तुकडे कराल तेवढी रोपं, कारण प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो. म्हणजे रोटाव्हेटरने तुम्ही तण मारलं नाही, त्याची लागवड केलीत (रागावू नका, हे खूप जणांचं होतं).

आता ग्लायफोसेटचं. हे औषध पानातून आत जातं आणि पान जे अन्न खाली पाठवतं त्याच्याबरोबर गाठीपर्यंत पोचतं. त्यामुळे पान पाहिजे, तेही हिरवंगार आणि वाढीला लागलेलं. सुकलेल्या, धूळ बसलेल्या किंवा नुकत्याच कापलेल्या तणावर मारून काही उपयोग नाही. म्हणून आधी एक पाणी द्या आणि लव्हाळा जोमात येऊ द्या, पण फार वाट बघत बसू नका, कारण उगवल्यापासून तीन-चार आठवड्यात तो खाली नवीन गाठी धरायला लागतो. हरळीला मात्र भरपूर पाला फुटू द्या.

फवारल्यावर किमान आठवडाभर, जमलं तर दहा-बारा दिवस रानात अवजार घालायचं नाही. पहिले चार-पाच दिवस काहीच झालं नाही असं वाटेल आणि हात शिवशिवतील, पण औषध खाली उतरत असतं. दुसऱ्या दिवशी नांगरलं तर पान एकीकडे आणि गाठ दुसरीकडे.

पाणी स्वच्छ घ्या. हे मी दरवेळी लिहितो तरी लोक ओढ्याचं गढूळ पाणी पंपात भरतात. ग्लायफोसेट मातीच्या कणाला घट्ट चिकटतं आणि मग ते कामाचं राहत नाही, म्हणजे गढूळ पाण्यात ते पंपातच वाया जातं. क्षाराचं जड पाणी पण त्याची ताकद कमी करतं. फवारणीनंतर सहा तास तरी पाऊस नको. वारा असताना मारू नका, शेजारच्या पिकावर तुषार गेले तर ते पण जाईल, हे औषध तण आणि पीक असा फरक करत नाही. प्रमाण लेबलवर दिलंय तेवढंच. हातमोजे आणि मास्क घालाच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेटला 'माणसात बहुधा कॅन्सर करणारं' या गटात टाकलंय, त्यावर वाद आहेत पण अंगावर घ्यायची वस्तू नाही एवढं नक्की.

आणि एका फवारणीत रान मोकळं होईल असं समजू नका. ज्या गाठी झोपलेल्या होत्या, ज्यांना पानच नव्हतं, त्यांच्यापर्यंत औषध गेलेलंच नाही. त्या नंतर उगवतील, त्यांना दुसऱ्यांदा धरायचं. म्हणून लागवडीच्या तारखेपासून निदान दोन महिने मागे मोजून सुरुवात करा. तेवढा वेळ नसेल तर माझं स्पष्ट मत, त्या तुकड्यात या वेळी कांदा नकोच. कांद्याची पात उभी आणि बारीक, सावली पडतच नाही, लव्हाळ्याला मोकळं रान मिळतं.

प्रश्न : ग्लायफोसेटमध्ये पॅराक्वाट मिसळलं तर लवकर रिझल्ट येतो असं ऐकलंय?

उत्तर : लवकर करपतं, एवढंच. पॅराक्वाट जिथे पडेल तिथलं पान जाळतं, खाली जात नाही. पानच जळालं तर ग्लायफोसेट उतरणार कुठून? शिवाय पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. मिसळू नका.

प्रश्न : आम्ही रासायनिक काही वापरत नाही. हरळी आणि थोडा कुंदा आहे, कडक उन्हाचे दोन महिने हातात आहेत. काय करू?

उत्तर : ताई, मग ऊन हेच तुमचं औषध, आणि हरळीवर ते चांगलं चालतं. जमीन पूर्ण कोरडी असताना खोल नांगरट करा, मोठी ढेकळं निघू द्या, फोडू नका. ढेकळाबरोबर काशा पण तापतात आणि वाळतात. आठ-दहा दिवसांनी उलटी-आडवी पाळी घालून खालची बाजू वर आणा, वर आलेल्या काशा वेचून घ्या. मधेच पाऊस झाला तर घाई करून ओल्यात कुळव फिरवू नका, तुटलेले तुकडे परत धरतात. कुंद्याच्या काशा फार खोल जातात, थोडाच आहे म्हणताय तर तेवढ्या जागा कुदळीने खणूनच काढा, कंटाळवाणं आहे पण दुसरा सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

वेचलेल्या काशा बांधावर टाकू नका आणि खताच्या खड्ड्यात तर नाहीच, तिथून त्या शेणखताबरोबर सगळ्या रानात जातात. कडकडीत वाळेपर्यंत खडकावर किंवा पत्र्यावर पसरा.

नंतर पहिलं पीक ताग, धैंचा किंवा चवळी घ्या, दाट पेरून. हरळीला सावली सोसत नाही, लव्हाळ्यालाही नाही.

प्रश्न : मल्चिंग पेपर टाकला तर लव्हाळा दबेल ना?

उत्तर : नाही दबणार. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, पेपर भोकसून वर येतो. बाकीच्या तणाला पेपर छान आहे, लव्हाळ्यासाठी मात्र पेपर टाकायच्या आधीच वरचं सगळं करावं लागेल, कारण एकदा पेपर अंथरला की खाली खुरपं पण घालता येत नाही.