हार्नेस परत मागवला गेला असेल तर

अंजनेरी किंवा अलंगच्या कड्यावर जाण्याआधी, हार्नेसवर (चढाईत कमरेला व मांड्यांना बांधायचा सुरक्षा-पट्टा) शिवलेल्या लेबलवरील मॉडेल, उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक हे सारे कंपनीने परत मागवलेल्या मालाच्या यादीशी नीट ताडून पाहावे. क्रमांक जुळला, तर बकल कितीही धडधाकट दिसत असले तरी हार्नेस तत्काळ बाजूला ठेवावा; ठोकून, शिवून घरगुती दुरुस्ती करू नये आणि मित्रालाही देऊ नये. ‘ईएन १२२७७’ हे चढाईच्या हार्नेसचे युरोपीय मानक नमुन्याची चाचणी झाल्याचे सांगते, तुमच्याच बकलातला दोष दाखवत नाही. यादीत नसलेल्या हार्नेसचेही बकल बोटाने चाचपावे, जमिनीलगत लटकून पट्टा सरकतो का ते पाहावे. लेबल पुसले गेलेला जुना हार्नेस मी तरी फुकटही घेणार नाही.