ऑस्ट्रेलियात आदिवासी आरोग्यसेवकांना औषधांचं शिक्षण मिळतं, की ते नुसत्या गोळ्या वाटतात?

रीतसर शिक्षण मिळतं. 'हेल्थ प्रॅक्टिशनर' म्हणून देशपातळीवर नोंदणी १ जुलै २०१२ पासून सुरू झाली. त्यासाठीच्या 'सर्टिफिकेट फोर' या व्यावसायिक अभ्यासक्रमात औषधंही येतात. औषध स्वतः देण्याची मुभा मात्र राज्यागणिक वेगळी.

पण खरी कसोटी पुस्तकाबाहेर लागते. रूमॅटिक फीवर (घशाच्या संसर्गानंतर येणारा, हृदयाला इजा करू शकणारा ताप) होऊन गेलेल्या मुलाला, तो पुन्हा होऊ नये म्हणून, साधारण दर चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. औषध दाट, त्यामुळे सणसणीत दुखतं. मूल तर टुणटुणीत खेळत असतं! मग 'कशाला हवी सुई?' या आजीच्या प्रश्नाला तिच्याच भाषेत, हृदयाच्या झडपा कशा खराब होतात हे सांगावं लागतं. तिथे बाहेरून आलेला डॉक्टर बहुधा गडबडतो.