काळ्या जमिनीत युरिया वाढवला तर बटाटा पोसतो का?

तुमची जमीन भारी काळी आहे आणि युरियाची एक गोणी जादा टाकली तर बटाटा मोठा येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. पाला माजेल.

आमचं शेत सिन्नर तालुक्यात. वाटणीत मोठ्या दिरांना देवनदीकाठची काळी गेली आणि आमच्या वाट्याला वरचा माळ आला, मुरूम आणि थोडा पोयटा. भाऊजी तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तिथं कुसळंच उगवायची." पुढं एका वर्षी दोन्ही घरांनी एकाच गाडीतून कुफरी ज्योती या बटाट्याच्या जातीचं बेणं आणलं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावलं. भाऊजींनी युरिया सढळ हातानं फेकला. जानेवारीत त्यांचा पाला मांडीला लागत होता, काळाभोर. आमचा गुडघ्याच्या खालीच. रस्त्यानं जाणारा माणूस त्यांच्या बांधावर थांबायचा, आमच्याकडे बघायचाही नाही.

मी एक वरंबा हातानं उकरला. एका झाडाला लिंबाएवढे सात बटाटे. भाऊजींना विचारून त्यांचंही एक झाड उपटलं, तर सुपारीएवढे चार. नत्र जास्त झालं की झाड पाल्यातच गुंततं, बटाटा उशिरा धरतं. त्याला पोसायला थंड रात्री लागतात आणि आपल्याकडे फेब्रुवारी सरता सरता थंडी संपते. मग उशिरा धरलेला बटाटा तेवढाच राहतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतं, ते हिशेबात धरा.

काढणीला तर भाऊजींचं रान रडू येईल असं होतं. मध्ये पाणी लांबलं, काळीला भेगा पडल्या, भेगांतून ऊन आत गेलं आणि बटाटे हिरवे झाले. ते कडू लागतात, खाऊही नयेत. ढेकळं फोडताना कितीतरी बटाटे कुदळीनं कापले गेले. आमच्या माळावर बटाटा उचलून झटकला की माती गळून पडायची.

खताचं म्हणाल तर पूर्ण कुजलेलं शेणखत आधी मिसळा. ताजं टाकलं तर सालीवर खपल्या धरण्याची भीती असते. नत्र निम्मं लावणीला, उरलेलं महिन्यानं झाडांना मातीची भर देताना. पानातली साखर खाली बटाट्यात उतरवायला पालाश, म्हणजे पोटॅश, लागतं, त्यात हात आखडू नका. परवडत असेल तर म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. म्युरेटमधल्या क्लोराइडनं बटाटा पाणचट होतो.

काळीत बटाटा येतच नाही असं नाही. वरंबे उंच करा, पाणी हलकं पण वेळच्या वेळी द्या, भेग पडू देऊ नका. माळालाही खोड आहे. पाणी धरत नाही आणि नत्र वाहून जातं, म्हणून पाण्याच्या पाळ्या जवळ घ्याव्या लागतात. माती तपासून घ्या, मगच खताचा आकडा ठरवा.

भाऊजी अजूनही म्हणतात, "त्या वर्षी तुमचं नशीब जोरावर होतं." नशीब नव्हतं, भाऊजी. लावणीच्या आधी महिनाभर त्या माळावर मी पाट्यांनी शेणखत वाहिलं होतं, आणि तुम्ही ते बांधावरून बघत होता.