प्रचारक म्हणतो, "हे मला देवाने सांगितलंय." ते खरं की खोटं, कसं ओळखायचं?

आधी बायबल उघडा. त्याने सांगितलेली एक ओळ नको, अख्खा अध्याय वाचा. येशूचा प्रेषित पौल स्वतः बोलत होता तरी बिरुया गावातले लोक रोज शास्त्र काढून ताडून बघायचे (प्रेषितांची कृत्ये 17:11), आणि तिथे त्यांचं कौतुकच केलंय. तेव्हा पाळकसाहेबांना "हे कुठे लिहिलंय?" विचारायला बिचकू नका.

येशू परत येण्याची तारीख सांगणारा भेटला तर काम आणखी सोपं. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या प्रचारकाने दानिएल 8:14 मधल्या 2300 दिवसांची वर्षं धरून येशूच्या पुनरागमनाचा हिशेब मांडला. शेवटी त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस पक्का केला. काहींनी तर शेतातलं पीकही काढलं नाही. दिवस उजाडला, मावळला, काही झालं नाही. मिलर लबाड नव्हता, मनापासून बोलत होता (मला हेच जास्त बोचतं). पण तो दिवस पुत्रालाही, म्हणजे खुद्द येशूलाही, ठाऊक नाही, हे मार्क 13:32 मध्ये आधीपासून लिहिलेलं होतंच की!

आणि हो, "जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो" हे व्हॉट्सॲपवर बायबलचं वचन म्हणून फिरतं. बायबलमध्ये ते कुठेच नाही.