संशोधन, शोध आणि सीतेची शुद्धी

प्रश्न असा आला आहे: एका विद्यापीठातल्या कला, मानव्यविद्या आणि माध्यम विभागांत अलीकडे झालेल्या कामाची पुस्तिका निघते आहे. तिचं नाव 'नवे शोध' ठेवावं की 'नवं संशोधन'? आणि ज्यांचं काम आत छापायचं ती मुलं 'शोधार्थी' की आणखी कुणी?

'शोधार्थी' आधी खोडा. हा हिंदीतून आयता उचललेला शब्द हल्ली परिसंवादांच्या पत्रिकांवर सर्रास दिसतो, आणि त्याच्या शेजारी 'शोधपत्र' ठाण मांडून असतं. आपल्याकडे संशोधक आहे, अभ्यासक आहे, निबंध आहे, प्रबंध आहे. उसनवारीची गरजच काय? ('शोधनिबंध' मात्र आता इतका मुरला आहे की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.) उलट दिशेची उसनवारी तर त्याहून वाईट. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. आपल्या वाहिन्यांच्या पट्टीवर 'नागरिकत्व संशोधन कायदा' असं धावलं की मराठी माणसाला वाटावं, सरकार नागरिकत्वावर पीएचडी करायला बसलंय. मराठीत ती सुधारणा, नाहीतर दुरुस्ती. घटनादुरुस्ती म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही, मग इथेच काय होतं कोण जाणे.

शोध आणि संशोधन यांतला रोजचा फरक सांगत बसत नाही. चष्म्याचा शोध घेतात, रेडियमचा लावतात, संशोधन करतात, इतपत सगळ्यांना ठाऊक आहे. मजा आहे ती मुळाशी. दोन्ही शब्द 'शुध्' धातूचे, आणि शुध् म्हणजे स्वच्छ होणं. त्यात शोधाशोध नावालाही नाही. वैद्य पाऱ्याचं शोधन करतात तेव्हा पारा काही हरवलेला नसतो. संस्कृतातलं ऋणशोधन म्हणजे कर्ज फेडून मोकळं होणं. म्हणजे खरं तर हिंदीवाल्यांची 'दुरुस्ती' मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे, हे कबूल करायला लागतं. मग धुण्यापुसण्याचा हा धातू मराठीत हुडकण्याकडे वळला कसा?

इथे मारुतीराय मदतीला येतात. जुन्या मराठीत 'शुद्धी' म्हणजे खबर, ठावठिकाणा. मारुती लंकेत गेला तो सीताशुद्धीसाठी, म्हणजे सीतेचा पत्ता लावायला. (अग्निपरीक्षेशी याची गल्लत करणारे कीर्तनाला न बसलेले लोक.) संस्कृतातही शुद्धि म्हणजे खात्रीचं ज्ञान हा अर्थ आहेच, 'शुद्धिं लभ्' म्हणजे पक्की बातमी मिळणं. हिंदीत कुणाची 'सुध' घेतात ती हीच. आणि आपण 'शुद्धीवर आला' म्हणतो तेव्हा त्या माणसाने आंघोळ केली असं कुणी समजत नाही. त्याला भान आलं, कळू लागलं.

माझं म्हणणं असं: मळ गेला की वस्तू स्पष्ट दिसते. स्पष्ट दिसलं ते खात्रीने कळतं. खात्रीने कळलं त्याची बातमी आणता येते. आणि अशी बातमी आणायला जो बाहेर पडला, तो शोधायला बाहेर पडला. 'शोध' हा 'शुद्धी'च्या पोटातून निघालेला अर्थ आहे. कुणाला हे ओढूनताणून वाटेल. वाटो. त्यांनी नाथांची ओवी वाचावी.

शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्याबद्दलच्या ओव्यांत ते म्हणतात, ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पण पाठांतरात शुद्ध-अबद्ध झाला, 'तो शोधूनियां एवंविध' ही प्रतिशुद्ध ज्ञानेश्वरी सिद्ध केली. आता या 'शोधूनियां'चा अर्थ सांगा. हुडकून, की स्वच्छ करून? दोन्ही! वेगवेगळ्या प्रतींतले पाठ पाहायचे, ताडायचे, चुकीचे गाळायचे, आणि उरेल ते खरं. मराठीत संशोधन या शब्दाला जो अर्थ चिकटला तो या एका क्रियापदात चारशे वर्षांपूर्वी पुरता उभा आहे.

याच्या अगदी उलट टोकाला नकलनवीस. पोथीच्या शेवटी तो हात झटकतो: 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया। यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न विद्यते॥' दिसलं तसं उतरवलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझा नाही. हल्लीच्या काही प्रबंधांच्या शेवटी हा श्लोक छापला तर निदान प्रामाणिकपणा तरी दिसेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य खपतं आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं की विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. म्हणजे नकलनवीस कुठे संपतो ते आता यंत्र सांगतं.

पुण्यात १९१०ला भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं आणि १९१७ला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, तेव्हा पाटीवर हाच शब्द गेला, आणि मंदिरातलं सगळ्यात मोठं काम शब्दाला तंतोतंत जागणारं होतं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता: १९१९ला सुरुवात, १९६६ला शेवट, बाराशेवर हस्तलिखितं. संपादक सुकथनकरांनी घालून दिलेली पद्धत इतकी कडक, की व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय हा सर्वांच्या आवडीचा प्रसंग मुख्य संहितेतून निघून परिशिष्टात गेला. पुण्यात बसून गणपतीला संहितेबाहेर बसवायचं, याला छाती लागते. यात नवीन काही 'लावलं' नाही. बसलेली पुटं काढली.

आणि तरी आमच्या संशोधनपद्धतीच्या मार्गदर्शक पुस्तकांचं पहिलं पान काय सांगतं? 'री' म्हणजे पुन्हा, 'सर्च' म्हणजे शोध, म्हणून रिसर्च म्हणजे पुन्हा पुन्हा शोधणं! एकाने लिहिलं, बाकीच्यांनी यादृशं तादृशं उतरवलं. शब्द फ्रेंचमधून आलेला, आणि तिथला 'री' पुनरुक्तीचा नसून जोर देणारा. 'सर्च'च्या मुळाशी गोल फिरण्याचं लॅटिन क्रियापद आहे. त्या हिशेबाने रिसर्च म्हणजे नेटाने घातलेली प्रदक्षिणा. मार्गदर्शकाभोवती घातलेली असंही कुणी म्हणेल. बंगाल्यांचा शब्द पाहा, गवेषणा: गो अधिक एषणा, गायी हुडकायला निघणं. निदान त्यात चित्र तरी आहे. इंग्रजी शब्दाची फोड करून मराठी शब्दाचा अर्थ शिकवणारे प्राध्यापक मला कळत नाहीत.

हां, तुमची पुस्तिका. केंब्रिजचे संशोधक ऋषी राजपोपट यांनी संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या एका सूत्राचं कोडं सोडवल्याची डिसेंबर २०२२ मधली बातमी आठवा. 'विप्रतिषेधे परं कार्यम्' हे ते सूत्र: दोन नियमांची टक्कर झाली तर 'पर' नियम लावा. परंपरेने 'पर' म्हणजे ग्रंथात नंतर आलेला नियम असं घेतलं. राजपोपट म्हणाले, 'पर' म्हणजे शब्दाच्या उजव्या बाजूला लागू होणारा. गुरु अधिक 'आ' हा तृतीयेचा प्रत्यय, यात डावीकडच्या 'गुरु'ला एक नियम बोलावतो, उजवीकडच्या 'आ'ला दुसरा. उजवीकडचा जिंकतो, 'आ'चा 'ना' होतो, पुढे 'न'चा 'ण', आणि 'गुरुणा' हातात येतं. त्यांचं म्हणणं व्याकरणाच्या सगळ्या अभ्यासकांना पटलेलं नाही. पण 'शोध लावला' हे क्रियापद इथे बसत नाही, हे तरी पटावं. सूत्र होतंच, शब्द होताच. त्यांनी अर्थ लावला. मानव्यविद्यांत बहुतेकदा लागतो तो अर्थ, आणि त्यासाठी जी मेहनत होते ते संशोधन.

तेव्हा मुखपृष्ठावर 'नवं संशोधन' घ्या, आत 'संशोधक विद्यार्थी'. 'संशोधने' असं अनेकवचन करू नका, कानाला खटकतं. आणि पुस्तिकेची हिंदी आवृत्ती काढणार असाल तर तिथे 'शोध' किंवा 'अनुसंधान' घाला. हिंदी वाचकापुढे 'नया संशोधन' ठेवलंत तर तो मूळ पुस्तिका कुठे आहे ते विचारेल.