जुनी गाडी नेमकी कोणत्या सालची हे नुसतं बघून कसं ओळखायचं?

तुमची अडचण अशी की रस्त्यात एखादी जुनी गाडी दिसली तर नाव सांगता येतं, साल नाही. आणि जाणकार मंडळी मात्र लांबूनच "पासष्टची आहे" म्हणून मोकळी होतात. ती मंडळी गाडी पूर्ण बघतच नाहीत. एकूण आकारावरून फार तर दशक कळतं. सालासाठी दिवे, बंपर आणि काचा बघायच्या.

फोक्सवॅगनच्या बीटलचंच घ्या. ही गाडी २००३ पर्यंत बनत होती आणि लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. पण मागे जाऊन काच बघा. मधे पट्टी असलेली दोन तुकड्यांची काच असेल तर गाडी मार्च १९५३ च्या आधीची. एकसंध पण लंबगोल असेल तर त्यानंतरची, साधारण १९५७ च्या मध्यापर्यंतची. मोठी, चौकोनाकडे झुकणारी काच आली ती १९५८ च्या मॉडेलपासून. एवढ्या एका नजरेत तुम्ही साठ-पासष्ट वर्षांतली बरीच वर्षं बाद करता.

काचेवर मी इतका भर देतो, कारण ती खिडकी पत्र्यात कापलेली असते. माझा नियम साधा आहे: जे पत्र्यात आहे त्यावर विश्वास ठेवायचा, जे स्क्रूने बसवलंय त्यावर संशय घ्यायचा. फोर्ड मस्टँगची पुढची जाळी बघून लोक साल सांगतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी म्हणजे १९६५, आडव्या बारीक पट्ट्या म्हणजे १९६६. बरोबर आहे, पण ती जाळी काढून दुसरी लावणं अवघड नाही, आणि हौशी मालक लावतातही. उलट १९६८ च्या मस्टँगला बाजूंना छोटे दिवे किंवा रिफ्लेक्टर असतात, ते १९६७ च्या गाडीला नसतात. त्यांच्यासाठी बहुतेक वेळा पत्र्यातच जागा केलेली असते, म्हणून तो पुरावा जास्त भक्कम.

हे बाजूचे दिवे काही फक्त मस्टँगपुरते नाहीत. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून बनणाऱ्या गाड्यांना कायद्याने बाजूला दिवा किंवा रिफ्लेक्टर सक्तीचा झाला, १९७० पासून दोन्ही. १९७३ च्या मॉडेलपासून पुढचा बंपर ताशी पाच मैलांची धडक सोसणारा हवा असा नियम आला, पुढच्या वर्षी मागचाही. म्हणून त्या काळातल्या गाड्यांचे बंपर अचानक जाडजूड आणि पुढे आलेले दिसतात (सौंदर्याचं वाटोळं झालं ते तेव्हापासून, असं माझं ठाम मत आहे). मागच्या काचेपाशी मधोमध तिसरा ब्रेकलाइट मुळातला असेल तर गाडी बहुधा १९८६ च्या मॉडेलची किंवा नंतरची. फक्त एक भान ठेवा: हे नियम अमेरिकेत विकायच्या गाड्यांचे. तेच मॉडेल युरोपसाठी बनलेलं असेल तर त्याच सालात त्याला यातलं काहीच नसू शकतं.

जग्वार ई-टाइपमध्ये हेडलाइटवर काचेचं आवरण असेल तर गाडी सुरुवातीची, म्हणजे १९६१ ते १९६७ मधली. मागचे दिवे बंपरच्या वर की खाली, तेही बघा. खाली असले तर त्या सुरुवातीच्या गाड्यांनंतरची, म्हणजे दुसऱ्या मालिकेची किंवा त्याही पुढची. शेव्हर्ले बेल एअरमध्ये मला आवडणारी खूण म्हणजे पेट्रोलचं झाकण: १९५६ मध्ये ते डाव्या टेललाइटच्या मागे लपवलेलं, १९५७ मध्ये मागे पंखासारख्या वर आलेल्या डाव्या पत्र्याच्या क्रोमपट्टीमागे. पण ही खूण कळायला मालक पंपावर भेटायला हवा!

मॉडेलचं साल आणि कारखान्यातून बाहेर पडल्याचं साल एकच असेल असं मात्र धरू नका. मस्टँग बाजारात आली १७ एप्रिल १९६४ ला, पण त्या पहिल्या गाड्यांवरही फोर्डने १९६५ चाच आकडा टाकला. चाहते त्यांना "साडेचौसष्ट" म्हणतात. बॅटरी चार्ज करायला त्यांच्यात नंतरच्या गाड्यांसारखा अल्टरनेटर नसून जुन्या पद्धतीचा जनरेटर होता, आणि डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्यावर तसं लिहिलेलं असतं. म्हणजे खिडकीतून डोकावलं तरी वाचता येतं. मालकाला विचारून डोकवा.

गाडी १९८१ किंवा त्यानंतरची असेल तर हे सगळं करायची गरजच बहुधा पडत नाही. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात सतरा अक्षरी क्रमांक दिसतो का बघा. अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीत त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं साल सांगतं: बी म्हणजे १९८१, सी म्हणजे १९८२, असं पुढे. आय हे अक्षर एकशी गल्लत होऊ नये म्हणून वापरत नाहीत, त्यामुळे एच १९८७ आणि जे १९८८. युरोपात विकलेल्या गाड्यांत या जागी साल टाकण्याची सक्ती नाही, तिथे पुन्हा दिव्यांकडे आणि बंपरकडे वळावं लागतं.